घरीच असणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन. आपण घरीच असण्याचं ठरवलं आहे, किंवा पाळणाघराची फी, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि नवऱ्याची बदली या तिघांनी मिळून ते आपल्यासाठी ठरवलं आहे. पुस्तिकेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. काम सुरू करण्यापूर्वी सर्व सूचना वाचाव्यात. सलग वाचायला मिळणार नाही हे गृहीत धरून परिच्छेद कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये बसतील एवढेच ठेवले आहेत. जिथे लांबले आहेत तिथे राजमा लावावा.

या विषयावर पुस्तकं नाहीत असं नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नव्या सुनांचा स्वयंपाक सावरला. पण पाककृतीत साहित्य लिहिलं की ते घरात असतं, आणि 'चार माणसांसाठी' म्हटलं की चौघांना तीच भाजी चालते. त्यापलीकडचं सगळं इथे आहे.

पात्रता आणि वेतन

शिक्षणाची अट नाही. असलेलं शिक्षण वाया गेलं असं नातेवाइकांपैकी कोणीतरी सांगेल, तो विषय शेवटी घेतला आहे. वयाची अट नाही, निवृत्तीही नाही. पुरुषांनाही हे पद खुलं आहे आणि जागा भरपूर आहेत. 2011 च्या जनगणनेत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका 15.98 कोटी निघाल्या आणि पुरुष 57.9 लाख. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये एका निकालात हे आकडे दिले म्हणून ते चार लोकांच्या कानावर गेले. जनगणना स्वतः मात्र या सगळ्यांना 'काम न करणारे' याच रकान्यात बसवते. बसवते हे क्रियापद त्यातल्या त्यात आवडलं, कारण एरवी बसायला मिळत नाही.

वेतनाबद्दल गैरसमज नको. कामाला किंमत आहे, फक्त ती कधी काढली जाते एवढं नवशिक्यांनी समजून घ्यावं. वरचा निकाल मोटार अपघाताच्या भरपाईचा होता. त्याआधी 1989 साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागली होती, त्या खटल्यात 2001 साली न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचं मोल महिना तीन हजार रुपये धरलं. म्हणजे हिशेब होतो, चांगला वकिलांकरवी होतो, पण उमेदवार हयात नसताना. तेव्हा पगाराची घाई करू नये.

वेळापत्रक

आमच्या डोंबिवलीत दिवस लोकल सुरू करते. घरातल्या माणसाला 7:48 हवी असेल तर डबा 7:20 ला ओट्यावर बांधलेला पाहिजे, त्यासाठी पोळ्या पावणेसातला, त्यासाठी कणीक सव्वासहाला, आणि त्यासाठी भाजी काय करायची हे आदल्या रात्री ठरलेलं पाहिजे. यातली शेवटची पायरी सगळ्यात अवघड. बाकीच्या हातांनी होतात.

मुलांचे डबे वेगळे. छोट्या सुट्टीचा कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीची पोळी-भाजी. संध्याकाळी डबा उघडण्याआधी हलवून बघावा. आतून आवाज आला तर पोळी परत आली आहे. कारण विचारू नये, कारण ते 'वेळच नव्हता' असंच असतं, आणि ते खरंही असतं. रात्री साडेनऊला, दिवे मालवताना, 'आई, उद्या तक्ता न्यायचाय' असं एक वाक्य येईल. कार्डशीट, स्केचपेन आणि फेव्हिकॉल ही तीन औषधं म्हणून घरात ठेवावीत, क्रोसिनच्या शेजारी.

दुपारी दोन ते तीन हा वेळ पूर्णपणे आपला. या वेळात गॅसवाला येतो, शेजाऱ्यांचं कुरिअर येतं, आणि सोसायटीच्या टाकीची सफाई असल्याने पाणी भरून ठेवण्याची सूचना येते. मजल्यावरच्या ज्या घरांत दोघंही नोकरीला जातात त्यांच्या किल्ल्या आपल्याकडे असतात. या किल्ल्यांचा मला आधी राग यायचा. आता वाटतं, एवढ्या लोकांनी आपलं कपाट, देवघर आणि म्हातारी आई कुणावर सोपवली आहे ते बघा. बँकेत नोकरी करायचे तेव्हा तिजोरीची एक किल्लीसुद्धा सही केल्याशिवाय मिळत नव्हती.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आपला वेळ कुठे जातो याची पाहणी करतं. 2019 साली घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. न करणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. चारांतला साधारण एकच तेव्हा हिशेबात आला. 2024 च्या पाहणीत बायकांची मिनिटं 289 झाली आणि पुरुषांची 88. दोघांनीही काम कमी केलं आणि तरी रोज संध्याकाळी जेवण ताटात आहे. हे कसं होतं ते सांख्यिकी कार्यालयाने सांगितलेलं नाही. देवाधर्माच्या भागात त्याचा थोडा खुलासा होईल.

साधी राहणी

इथे नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत होते. मासिकांतल्या फोटोत साधं घर म्हणजे पांढरी भिंत, एक लाकडी स्टूल, त्यावर एक मातीचं भांडं आणि भांड्यात एक काडी. हे साधं नाही, हे महाग आहे. शिवाय त्या घरातला झारा, सांडशी, बाहुलीचा एक हात आणि सासऱ्यांचा शेकायचा पट्टा फोटोवाल्याने कुठे नेऊन ठेवला हे कुणी सांगत नाही.

खरं साधं घर भरलेलं असतं. त्यात दाराच्या मागे पिशव्यांची एक पिशवी असते, माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे असतात, आणि फ्रिजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात हमखास आलं-लसूण वाटण असतं, ज्यामुळे मुलांचा माणुसकीवरचा विश्वास लहानपणीच मोजका होतो. दुधावरची साय रोज एका भांड्यात जाते, आठवड्याने तिला विरजण लागतं, मग लोणी, मग तूप, आणि तळाशी राहिलेली बेरी साखर घालून जो पहिल्यांदा स्वयंपाकघरात येईल त्याला. आमच्याकडे बेरीच्या दिवशी अभ्यास न सांगता होतो.

जुनी सुती साडी टाकायची नसते. तिची आधी गोधडी होते, गोधडी विरली की पायपुसणं, आणि अगदी शेवटी ओटा पुसायचं फडकं. मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर बोहारीण दारात येते. तिच्याशी व्यवहार करणं हा या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड पेपर. दोन शर्ट-पँट, एक जरीची साडी आणि एक जवळपास नवा कुर्ता यांच्या बदल्यात ती एक पातेलं काढते, आपण मोठं मागतो, ती उठून जिना उतरू लागते, आपण कुर्त्यावर एक फ्रॉक ठेवतो, ती परत येते. शेवटी मिळतं ते तेच पहिलं पातेलं. पण मधल्या वीस मिनिटांत तिच्या लेकीच्या बाळंतपणाचं सगळं कळतं, त्यामुळे भाव योग्यच बसला म्हणायचा.

साधेपणाची खरी कसोटी संक्रांत ते रथसप्तमी. या दिवसांत हळदीकुंकवाचं वाण म्हणून घरात साबणाच्या डब्या, गाळण्या आणि मोबाइल ठेवायची प्लास्टिकची खुर्ची शिरते. वाण नाकारता येत नाही आणि वापरताही येत नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या सोसायटीत लुटावं. आपल्याच सोसायटीत लुटलं तर ज्यांच्याकडून आलं त्यांच्याच ओटीत जाण्याचा संभव असतो, आणि त्या ओळखतात.

पैशाबद्दल एकच सूचना. एक पगार कमी झाला की लोक 'काटकसर' म्हणतात. मला तो शब्द रडका वाटतो. पगार होता तेव्हा महिन्याच्या शेवटी काय उरलं ते मी बघायची. आता जे आहे ते किती जणांना पुरवता येतं ते बघते. अचानक दोन माणसं जेवायला आली तर आमटीत पाणी, कांद्याची एक कोशिंबीर, आणि आपल्या वाटणीचा भात घेताना 'मला आज भूक नाही' हे वाक्य. शेवटचा पदार्थ जपून वापरावा. रोज केला तर त्याची सवय घरच्यांना लागते.

देवाधर्माचं

साहित्य: ताम्हण, पळी-पंचपात्र, समई, निरांजन, फुलवाती, आणि वेळ. वेळ नसेल तर फक्त निरांजन.

लग्नात गौरीहराला पूजलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आपण माहेराहून आणले असतील. अन्नपूर्णा तांदळावर बसते. घर बदललं, गाव बदललं तरी ती वाटीभर तांदळासकट पर्समधून येते. सामानाच्या ट्रकमध्ये तिला घालायचं नसतं. हिच्या हातात पळी आहे. देवघरातल्या बाकीच्यांकडे शस्त्रं असतात, आशीर्वाद देणारा हात असतो, बासरी असते, पण वाढायचं कामाचं हत्यार असलेली ही एकटीच. माझं तिच्याशी जास्त बोलणं होतं.

उपासाचे नियम पाठ करावेत. एकादशीला घरात दोघांचा उपास आणि तिघांचा नाही, म्हणजे दोन स्वयंपाक. ज्यांचा उपास नाही त्यांनाही खिचडी हवी असते, ज्यांचा आहे त्यांना ती दोनदा. गंमत अशी की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघंही मूळचे अमेरिका खंडातले, कोलंबसानंतर समुद्रावाटे इकडे आलेले. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी शक्यच नव्हती. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हणूनच त्यांना समाधी लागली. तू दाणे जरा जाडसर कूट.'

नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नवशिक्यांना ही सुट्टी वाटते. मग पुरणाची दिंडं करावी लागतात. डाळ शिजवा, पुरण वाटा, पारी लाटा, दुमडा, वाफवा. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, त्यामुळे आदल्या कांदेनवमीला सगळं घर कांद्याची भजी खाऊन घेतं आणि चार महिन्यांचा विरह एका संध्याकाळी साजरा करतं. आमचे चार महिने साधारण पंधरा दिवस टिकतात. नवव्या-दहाव्या दिवशी मुलगी शेजारून पावभाजी खाऊन येते आणि देवाला नमस्कार करताना तोंडावर हात धरते.

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ अंदाजाने. हाताच्या चिमटीवर सगळी भिस्त ठेवून, न चाखता, आमटी देवापुढे ठेवायची आणि मगच कळायचं. मला कुणी विचारलं की तुझी श्रद्धा आहे का, तर मी या मिठाबद्दल सांगते. प्रवचनात ऐकलेलं बरंच काही विसरले, पण चाखल्याशिवाय नैवेद्य दाखवायची भीती आणि सवय अजून दोन्ही आहेत.

धाकटा विचारतो, 'देव जेवला का? ताट तर तसंच आहे.' या प्रश्नाला छापील उत्तर नाही. 'देव वास घेतो' असं सांगून मी एक वर्ष काढलं. मग त्याने शाळेतून येऊन सांगितलं की त्यानेही डब्याचा फक्त वास घेतला.

संतांच्या घरांतल्या बायकांची माहिती नवशिक्यांनी आवर्जून ठेवावी, उपयोगी पडते. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचं जातं दाखवतात. तिच्याबरोबर पांडुरंग दळायला बसायचा म्हणे. आमच्याकडे मिक्सर आहे, त्याच्या आवाजात हाक पोचत नसावी. देहूला तुकोबांची जिजाई. ते भंडाऱ्यावर नामस्मरणात बसलेले, ही खालून भाकरी घेऊन डोंगर चढायची, आणि वाटेत त्या काळ्या विठोबाला मनसोक्त शिव्या द्यायची, कारण तिच्या मते सगळ्याचं मूळ तोच. दंतकथा अशी की एकदा तिच्या पायात काटा मोडला तेव्हा काढायला तोच आला. शिव्या खाऊन आला. देवाला हाक मारायची एक पद्धत हीही आहे, आणि ती फार बायकांना येते, पण भजनी मंडळात शिकवत नाहीत. ज्या घरात एक माणूस साक्षात्कारी आहे तिथे भाकरीचं बघणारं दुसरं कुणीतरी लागतंच. गाथेला तेवढीच गरज तिच्या डोंगर चढण्याचीही होती असं माझं मत आहे, आणि ते मी आरती झाल्यावर प्रसाद वाटताना मोठ्याने सांगते.

पण या सगळ्यात मुख्य धडा श्रावणी सोमवारचा. खुलभर दुधाची कहाणी सगळ्यांना माहीत असते, म्हणून कुणी नीट ऐकत नाही. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. तो दवंडी पिटवतो, घरातलं सगळं दूध देवळात. लोक भितात, वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत, घागरीच्या घागरी ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचं सगळं उरकलेलं असतं, लहानांचं, लेकीसुनांचं, गाईवासरांचं. उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा काठोकाठ भरतो.

लहानपणी मला यात म्हातारीची भक्ती दिसायची. आता क्रम दिसतो. राजाने आधी देवळाचा हिशेब केला आणि गोठ्यातलं वासरू हंबरत राहिलं. म्हातारीने सगळ्यांना पुरवलं आणि मग देवळाची वाट धरली, तेही दुपारी, गर्दी ओसरल्यावर. मुलांना उपाशी ठेवून सत्संगाला येऊ नका असं इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारा देव आपल्याला मिळाला आहे, आणि तरी आपण पूजा राहिली म्हणून दिवसभर स्वतःला टोचत असतो. आमच्या घरी ताप आलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले तर त्या दिवशीची पूजा मी झाली असंच धरते. सासूबाईंनी पहिल्या वर्षी भुवई उंचावली. आता त्याच म्हणतात, 'राहू दे ग, मी फूल ठेवते.'

मात्र कहाणीत एक गोष्ट राहून गेली आहे. पोरं प्यायली, वासरं प्यायली, सुना तृप्त झाल्या, महादेवही भरला. म्हातारीने स्वतः घोटभर घेतलं का, ते कहाणी सांगत नाही. सांगणाऱ्याही बायकाच होत्या, त्यांना ते विचारायचं सुचलं नसेल, किंवा उत्तर इतकं ठाऊक होतं की विचारायची गरज वाटली नसेल. ही त्रुटी या पुस्तिकेने आपल्या जबाबदारीवर दुरुस्त केली आहे. देवळात निघण्यापूर्वी म्हातारीने आपला चहा बसून प्यावा, गरम असताना. खुलभर दूध त्यातच थोडं कमी झालं तर महादेव समजून घेईल. तो भोळा आहे अशी त्याची ख्यातीच आहे.

तक्रार निवारण

सुरुवातीच्या काळात एक वेगळंच दुखणं येतं. शाळेच्या अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना असतो. तिथे पेन अडतं. त्यावर उपाय म्हणजे अर्ज नवऱ्याला भरायला द्यावा. त्याला आपली जन्मतारीख, रक्तगट आणि मुलाची तुकडी या तीन ठिकाणी इतके फोन करावे लागतात की व्यवसायाचा रकाना तो आदराने रिकामा सोडतो.

दुसरं दुखणं जुनं आहे आणि ते पाहुण्यांबरोबर येतं. लग्नाकार्यात, बारशाला, किंवा सहज म्हणून आलेल्या चुलत नणंदेच्या तोंडून, 'एवढी एम.कॉम. झालीस, आणि आता दिवसभर करतेस तरी काय?' यावर 289 मिनिटांचा आकडा सांगू नये. आकडे ऐकून कुणाचं मन वळल्याचं उदाहरण आमच्या घराण्यात नाही. रागावूही नये, कारण विचारणारीही बहुतेक वेळा हेच ऐकत म्हातारी झालेली असते. तिला चहा विचारावा, आधण ठेवावं, आणि ते उकळेपर्यंत हातात लसणाचे दोन गड्डे द्यावेत. चातुर्मास असेल तर भिजवलेले वाल पुढे करावेत. डाळिंब्या सोलायला जास्त वेळ लागतो.